गुडघा नवा, लाट लहान

२०२४ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. सभागृहात अथर्वशीर्षाची आवर्तने सुरू व्हायची होती. मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसत होती. मी उभाच आहे हे पाहून कोणीतरी, मी न सांगता, माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. आदल्या वर्षी मार्चमध्ये माझा उजवा गुडघा बदलला होता हे म्युनिकच्या आपल्या मंडळींत सर्वांना ठाऊक होते. प्रसादाच्या वेळी एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "काय, मांडी घालता येत नाही ना अजून? मग ते पाण्यातले खूळ तरी सुटले असेल." मी म्हणालो, "मांडी नाही येत. पण जुलैत झ्युल्टला जाऊन लाटेवर उभा राहून आलो."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक काकू म्हणाल्या, "अहो, शोभते का हे? मुलीचे लग्न व्हायचे आहे अजून!" मुलीच्या लग्नाचा आणि माझ्या गुडघ्याचा संबंध काय हे मला अजून उमगलेले नाही. पण त्यांच्या स्वरातली काळजी खरी होती, आणि ती काळजी आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असते. गुडघा बदलला की माणसाने आता गप्प बसावे, देवाने चालते ठेवले यातच समाधान मानावे, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि तिची किंमत आपण पैशातही मोजतो. म्हणून आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानावर हा विषय मांडतो.

प्रथम माझ्या गुडघ्याविषयी. मी मूळचा मालवणचा. कोल्हापुरात कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो. १९८४ साली चढाई करताना उजवा पाय पिळवटला आणि गुडघ्यातली मेनिस्कस नावाची गादी फाटली. त्या काळी फाटलेली गादी काढायची म्हणजे गुडघा उघडून ती बहुधा सगळीच काढून टाकायची, अशी रीत होती. महिन्याभरात मी पुन्हा मैदानावर होतो आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटले. पण ही गादी नसली की हाडाच्या टोकावरच्या कूर्चेवर सगळा भार पडतो आणि पंचवीस-तीस वर्षांनी गुडघा झिजून बसतो. आता डॉक्टर शक्य असेल तिथे ती शिवतात किंवा अगदी थोडीच कापतात. माझे हप्ते मात्र १९८४ मध्येच सुरू झाले होते.

१९९३ मध्ये म्युनिकला आलो. समुद्र सुटला. २००९ साली, मुलगी चौदा वर्षांची असताना, तिच्या हट्टापायी थालकिर्शनच्या फ्लोसलेंडला गेलो. वोल्फराट्सहाउसनहून इझार नदीने येणारे लाकडी तराफे जिथे लागतात ती ही जागा. तिथल्या कालव्यात एक छोटी लाट उठते. वाचकांपैकी ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: समुद्रात लाट किनाऱ्याकडे धावते आणि माणूस तिच्याबरोबर जातो, नदीत पाणी धावते आणि लाट जागच्या जागी उभी राहते. फळीवरचा माणूसही तिथेच डावीउजवीकडे झुलत राहतो. मुलीला पंधरा मिनिटांत जमले. मला तीन उन्हाळे लागले. पण मालवणच्या पोराला पाचशे मीटर उंचीवरच्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या गावात पुन्हा पायाखाली लाट मिळाली, याचा आनंद काय होता हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. पुढे वर्षातून एकदा आम्ही बापलेक झ्युल्टला, कधी पोर्तुगालला जाऊ लागलो. सौ. किनाऱ्यावर पुस्तक वाचत बसायची आणि आमच्या टॉवेलांवर लक्ष ठेवायची.

२०२० नंतर गुडघा रात्री झोपू देईना. आमच्या फ्लॅटचे दोन जिने उतरताना कठडा धरावा लागे. इंजेक्शने, गोळ्या, लेप, मुंबईहून मागवलेले तेल, सगळे झाले.

आपल्याकडे गुडघेबदल हा शब्द घरोघरी पोहोचला तो ऑक्टोबर २००० मध्ये. पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, जून २००१ मध्ये उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. आज जगभर जो गुडघा बसवला जातो त्याचा मूळ नमुना १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाला, आणि तो घडवणाऱ्या तिघांत हेच राणावत होते, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. त्याहूनही मागे गेले तर गोष्ट थेट जर्मनीत येते. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात चक्क हस्तिदंताचा सांधा बसवला होता! जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही, पण कल्पना तीच होती. माझ्या गुडघ्यात हस्तिदंताऐवजी कोबाल्ट-क्रोमचा धातू आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती आहे.

आता मुद्द्याचे. शस्त्रक्रियेसाठी मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी एक्स-रे पाहिला, मान हलवली आणि तारीख द्यायला निघाले. मी भीत भीत सर्फिंगचे विचारले. ते म्हणाले, "तुम्ही साठीला आलात. फिरायला जा, छान असते." मी घरी आलो आणि दोन दिवस कोणाशी बोललो नाही. गंमत अशी की मला राग त्यांचा आला नाही, माझाच आला. कारण मीही मनातून तेच म्हणत होतो.

मुलीने आठवण करून दिली की २०२१ पासून जर्मनीत गुडघेबदलापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि त्याचा खर्च क्रांकेनकासे देते. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरने तो हक्क रुग्णाला सांगितलाच पाहिजे आणि कागदपत्रेही दिली पाहिजेत. आपल्याला संकोच वाटतो, पहिल्या डॉक्टरांचा अपमान होईल असे वाटते. तसे काही होत नाही. येथे तो रिवाज आहे. आणखी एक चौकशी करावी: वर्षाला किमान ५० संपूर्ण गुडघेबदल केल्याशिवाय रुग्णालयाला ही शस्त्रक्रिया करण्याची साधारणपणे परवानगी नसते. ५० म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. आपण त्याहून पुष्कळ जास्त करणारे रुग्णालय पाहावे.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहण्यापूर्वी विचारले, "तुम्हाला परत काय करायचे आहे?" या एका प्रश्नासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्यांनी मला फळीवर उभे राहतो तसे जमिनीवर उभे राहायला लावले. डावा पाय पुढे, उजवा मागे. मागच्या पायाचा गुडघा आत वळतो आणि त्यावर भार येतो, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. त्यांनी समजावून सांगितले की संपूर्ण गुडघेबदलात सहसा पुढचा क्रुसिएट लिगामेंट काढला जातो. त्यामुळे डोळे मिटले तर आपला गुडघा नेमका कुठे आहे हे शरीराला पूर्वीसारखे कळत नाही. ते काम मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंना नव्याने शिकावे लागते. केवळ आतली एक बाजू झिजली असेल तर अर्धाच गुडघा बदलून लिगामेंट वाचवता येतात, पण माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. "समुद्रातली छोटी लाट, लांब फळी, एक वर्षाने, आणि त्याआधी मांडीत ताकद आणलीत तर मी नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या उभे राहण्याची भीती नाही. पडण्याची आहे." कृत्रिम सांध्याच्या लगतचे हाड मोडले तर ते जोडणे साध्या मोडलेल्या हाडापेक्षा फार कठीण असते.

वाचकहो, गुडघेबदल झालेल्यांत साधारण पाचातला एक जण समाधानी नसतो असे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसले आहे. त्याचे एक मोठे कारण असे की मनात धरलेली अपेक्षा पुरी होत नाही. आता मला सांगा, अपेक्षा डॉक्टरांना सांगितलीच नाही तर ती पुरी होईल की नाही हे कोण सांगणार? आपण डॉक्टरांना "दुखणे थांबू दे" एवढेच सांगतो. एकीच्या मनात पंढरीच्या वारीत दोन मुक्काम तरी चालावेत असे असते. दुसरीला मंगळागौरीत एक फुगडी घालायची असते. एखाद्याला सत्यनारायणाला पाटावर बसायचे असते. पण हे बोलणे आपल्याला पोरकट वाटते. पाटावर बसणे कदाचित जमणार नाही. मग ते आधी कळलेले बरे. चौरंगाशेजारी उंच स्टूल घेऊन पूजा सांगणारे गुरुजी मी येथे पाहिले आहेत. देवाची काही तक्रार ऐकली नाही.

मला विचाराल तर शस्त्रक्रिया हा या सगळ्यातला सोपा भाग. त्या वेळी आपण झोपलेले असतो. खरे काम नंतरचे, आणि तिथे आपली मंडळी कच्ची पडतात.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातूनच रेहाला पाठवतात. तिला अनश्लुसहाइलबेहांडलुंग म्हणतात. ती सहसा तीन आठवड्यांची असते आणि डिस्चार्जनंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. अर्ज रुग्णालयातला सोझियालडीन्स्ट भरून देतो. तुम्ही फक्त तोंड उघडून मागायचे. नोकरीत असाल तर खर्च बहुतेक वेळा रेन्टेनफेरझिखरुंग देते, निवृत्त असाल तर क्रांकेनकासे. तुमच्या खिशातून दिवसाला १० युरो. रेन्टेनफेरझिखरुंगच्या बाबतीत ही वर्गणी वर्षाला जास्तीत जास्त १४ दिवस आणि क्रांकेनकासेच्या बाबतीत २८ दिवस, आणि रुग्णालयात भरलेले दिवस त्यातून वजा होतात. मी रुग्णालयात सहा दिवस होतो, त्याचे ६० युरो. रेहाच्या २१ दिवसांपैकी फक्त आठ दिवसांचे पैसे भरावे लागले, म्हणजे ८०. एकूण १४०. यात धातूचा गुडघा, भूल, शस्त्रक्रिया, खोली, तीन आठवड्यांचे जेवण आणि रोज चार-पाच तासांचे व्यायाम आले. म्युनिकमध्ये चौघांनी बाहेर जेवायला जाऊन वाइन मागवली तर याहून जास्त बिल होते.

तरीसुद्धा माझ्या ओळखीत निदान तिघांनी रेहा नाकारली. एकीने म्हटले, "घरी कोण बघणार?" एकाला रेहाचे जेवण मानवेना म्हणून तो पाचव्या दिवशी परतला. तिसऱ्याला ती "सरकारी खर्चाने सुट्टी" वाटली आणि लाज वाटली! अहो, तीस वर्षे दर महिन्याला पगारातून जे कापले जाते ते कशासाठी? घरच्या चार भिंतींत कोणी आपल्याला दुखेपर्यंत गुडघा वाकवायला लावत नाही. सौ. तर मुळीच लावणार नाही. ती चहा आणून देईल आणि "राहू दे आजच्या दिवस" म्हणेल.

आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या रेहात मी पोहोचलो तेव्हा माझा गुडघा जेमतेम ९० अंश वाकत होता. फळीवर पोटावरून उठताना त्याला १२० च्या पुढे वाकावे लागते. सकाळी गरम पाण्याच्या हौदात व्यायाम, मग सायकल, मग डगडगणाऱ्या फळीवर एका पायावर उभे राहणे. तिथल्या फिजिओथेरपिस्टचे बव्हेरियन मला अर्धेच कळायचे, पण "अजून" हा शब्द कळायचा. सर्फिंगचे सांगितल्यावर तो हसला नाही. त्याने डगडगती फळी आणली, मला आडवे उभे केले आणि मागून हळूच ढकलू लागला. शेवटच्या दिवशी गुडघा ११२ अंशांवर होता.

पुढचे कामही विम्याने होते हे पुष्कळांना माहीत नसते. रेन्टेनफेरझिखरुंगचा इरेना नावाचा कार्यक्रम आहे: २४ वेळा गटातला व्यायाम, फुकट, संध्याकाळी नोकरी सांभाळून करता येतो. त्यानंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रेहास्पोर्ट मिळतो. क्रांकेनकासेकडून साधारण १८ महिन्यांत ५० वेळा, त्यालाही वर्गणी नाही. मी दोन्ही केले. माझ्या गटात बहुतेक सत्तरीच्या आजीबाई होत्या आणि त्यांच्यापैकी दोघी माझ्याहून खाली बसायच्या.

पगाराचे म्हणाल तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर क्रांकेनकासेचे क्रांकेनगेल्ड: ढोबळ पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून अधिक नाही, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे. मी दहाव्या आठवड्यात रोज चार तास, मग सहा, असे करीत कामावर रुजू झालो. ही हळूहळू परतण्याची सोय कायद्यात आहे आणि त्या काळात क्रांकेनगेल्ड चालू राहते. ज्यांचे स्वतःचे दुकान किंवा उपाहारगृह आहे, किंवा जे खासगी विम्यात आहेत, त्यांनी मात्र शस्त्रक्रियेच्या तारखेआधी आपली पॉलिसी काढून ओळ न् ओळ वाचावी. तिथे रेहा आणि दैनिक भत्ता आपोआप मिळतो असे धरून चालू नये.

आता लाटेकडे येतो. जखम पूर्ण भरेपर्यंत तलावसुद्धा वर्ज्य. मग पोहणे आणि सायकल. त्या सप्टेंबरात श्टार्नबेर्गर झेवर वल्हे मारायच्या रुंद फळीवर चढलो. तिथे पहिल्यांदा गुडघे टेकावे लागतात, आणि नव्या गुडघ्यावर टेकणे हा एक चमत्कारिक अनुभव आहे. दुखत नाही, पण जणू दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपण बसलो आहोत असे वाटते. शस्त्रक्रियेच्या व्रणाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर राहते. तिथली बारीक नस कापली जातेच. मी डाव्या गुडघ्यावर भार घेऊन उठायला शिकलो. हिवाळाभर दिवाणखान्यातल्या गालिच्यावर रोज वीस वेळा तेच केले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा येऊन सर्व ठीक आहे ना विचारले.

जुलै २०२४ मध्ये झ्युल्टच्या वेस्टरलँडला गेलो. जर्मनीत सर्फिंगची सुरुवात याच बेटावर १९५० च्या दशकात तिथल्या जीवरक्षकांनी केली, हे मुलीने मला आगगाडीत सांगितले. पहिला दिवस पाणी नुसते सपाट. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या लाटा. मी पूर्वी वापरायचो त्याहून पुष्कळ लांब, मऊ फोमची, नवशिक्यांना देतात ती फळी घेतली. सात-आठ वेळा पडलो. वाळूवर, उथळ पण मऊ पाण्यात. नवव्या वेळी डावा गुडघा टेकवून, उजवा पाय पूर्वीसारखा आडवा न ठेवता थोडा पुढे वळवून उभा राहिलो. किती वेळ? पाच सेकंद असतील. मुलगी सहा म्हणते. सौ.ने त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवले होते.

या यशाने हुरळून कोणी चुकीचा अर्थ काढू नये. मी आइसबाखवर परत गेलो नाही आणि जाणार नाही. हाउस डेर कुन्स्टजवळची ती लाट जगप्रसिद्ध आहे. २०१० मध्ये शहराने तिथल्या सर्फिंगला रीतसर परवानगी दिली. पण पाणी उथळ, तळाला काँक्रीटचे ठोकळे. एप्रिल २०२५ मध्ये तिथे एका तरुणीचा अपघात झाला आणि नंतर ती दगावली. त्यानंतर लाट काही काळ बंद ठेवून, दोरी चटकन सुटेल अशीच बांधण्याची सक्ती करून ती पुन्हा खुली केली. ती मुलगी धडधाकट होती. नव्या गुडघ्याच्या माणसाने तिथे कशाला जावे? आजारापूर्वी मी आइसबाखवर तीनदा उतरलो होतो आणि तिन्ही वेळा सौ.ने अबोला धरला होता. ती तेव्हाही बरोबर होती, हे येथे छापील स्वरूपात कबूल करतो. तिची तशी मागणी होती.

आणखी एक आकडा मला रोखतो. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. हे ऐकायला बरे वाटते. पण त्याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना जन्मभरात केव्हातरी पुन्हा शस्त्रक्रिया लागेल असा अंदाज होता. सत्तरीनंतर बदलणाऱ्यांत तो ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लवकर बदलला की वापर अधिक आणि वर्षेही अधिक. दुसऱ्यांदाचा गुडघा पहिल्याइतका चांगला क्वचितच होतो. माझ्या फळीची लांबी आणि लाटेची उंची मी या आकड्यावरून ठरवतो, हिमतीवरून नाही. पण याच आकड्याकडे बोट दाखवून खुर्चीत बसून राहणाऱ्यांचेही मला पटत नाही. बसून मांडीचे स्नायू जातात, वजन वाढते आणि त्याच गुडघ्यावर पडते.

परदेशी लाटांवर जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पोर्तुगाल-फ्रान्समध्ये आपल्या क्रांकेनकासेच्या कार्डाच्या मागच्या बाजूचे युरोपीय कार्ड चालते, पण आजारी माणसाला जर्मनीत परत आणण्याचा खर्च क्रांकेनकासे देत नाही. त्यासाठी परदेश प्रवासाचा वेगळा आरोग्यविमा घ्यावा. तो महाग नसतो. दुसरे म्हणजे, अपघातविम्याची पॉलिसी काढून बघा. पूर्वीच्या व्याधीचा दुखापतीला २५ टक्के किंवा त्याहून अधिक हातभार असेल तर रक्कम त्या प्रमाणात कापण्याचे कलम पुष्कळ पॉलिसींत असते. नव्या गुडघ्याच्या माणसाने हे कलम वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये. चांगल्या पॉलिसींत ही मर्यादा बरीच वर असते.

पुण्या-मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी का, असे मला निदान चौघांनी विचारले. आईवडील तिथे असतील तर त्यांची जरूर तिथेच करावी; पाहुणे म्हणून येणाऱ्यांच्या प्रवासविम्यात जुने दुखणे बसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि त्यापूर्वी दीड लाखाच्या पुढे आकारला जाणारा साधा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक कर एवढ्यावर आला. पण येथे विमा असलेल्यांनी तिथे जाऊन स्वतःच्या पैशाने करून घ्यावी, हे मला पटत नाही. क्रांकेनकासे त्याचे पैसे देणार नाही, रेहा हातची जाईल आणि नंतर काही बिघडले तर येथल्या डॉक्टरांना दुसऱ्याने केलेले काम निस्तरावे लागेल. शिवाय पहिले काही आठवडे रक्ताच्या गुठळीच्या भीतीने लांबचा विमानप्रवास टाळायला सांगतात. आईच्या हातचे खाऊन बरे वाटते हे खरे. मलाही रेहात तिसऱ्या दिवशी सोलकढीची आठवण आली होती.

शेवटी एक गोष्ट, जिच्याविषयी आपल्यात कोणी बोलत नाही. एका बाजूच्या कृत्रिम गुडघ्याला जर्मन नियमांप्रमाणे किमान २० अंशांचे अपंगत्व धरले जाते, दोन्ही बाजूंना असेल तर किमान ३०. आपण होऊन अर्ज केला तरच ते मिळते. बव्हेरियात तो झेंट्रुम बायर्न फामिलिए उंड सोझियालेस या कार्यालयाकडे करायचा. २०२१ पासून २० अंशांनाही वर्षाला ३८४ युरोंची करसवलत आहे, ३० अंशांना ६२०. ही रक्कम करातून नव्हे तर करपात्र उत्पन्नातून वजा होते. तुमचा वरचा करदर ३५ टक्के असेल तर ३८४ वर साधारण १३४ युरो वाचतात. रेहाच्या आणि रुग्णालयाच्या माझ्या १४० युरोंपैकी जवळजवळ सगळे पहिल्याच वर्षी परत आले. अर्ज टपालात टाकताना सौ. म्हणाली, "अपंग म्हणून नाव लागेल हो आपले." ते पत्र फाइलमध्ये असते, कपाळावर चिकटवत नाहीत.

मंजुरीचे पत्र आले ते झ्युल्टहून परतलो त्याच आठवड्यात. मुलीने त्या पत्राशेजारी लाटेवरचा माझा फोटो ठेवून फ्रिजवर लावला आहे. येणारे जाणारे आधी फोटो पाहतात, मग पत्र, मग माझ्याकडे.

डावा गुडघाही आता जिना उतरताना कुरकुरू लागला आहे. त्याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. या खेपेला अर्धा गुडघा बदलून भागेल का, हे पहिले विचारणार आहे. डावा पाय फळीवर पुढचा असतो, तेव्हा हिशेब वेगळा होईल. काय करायचे आहे ते या वेळी कागदावर लिहून नेणार आहे: झ्युल्ट, लांब फळी, कमरेएवढी लाट. खाली सौ.ने तिच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: "आणि सत्यनारायणाला दोन तास बसता आले पाहिजे, स्टुलावर चालेल."